विहीणबाईंची झूल

१९८२ साल होतं आणि मला साठावं लागलं होतं. ताडकळसच्या बाजारात लोक अजून मला अडवून विचारतात, "आबा, ती पिराची झूल खरी का?" आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारचा कुणीतरी सगळं सांगून मोकळा होतो. त्यात मी कधी झाडावर चढतो, कधी पिराच्या पायऱ्यांवर बसून रडतो. मी रडलो नाही. झाडावर तर मी लहानपणीही चढत नव्हतो. म्हणून जे झालं ते आता मीच लिहितो. निजामाच्या राज्यात दोन वर्षं उर्दू शाळेत गेलो, मराठी अक्षरं पुढं स्वतःच्या हिमतीवर शिकलो. शुद्ध-अशुद्ध बघणाऱ्यानं इथंच थांबावं.

आधी बैलांचं सांगतो. माझ्याकडं एक बैल, सरदार. लाल कंधारी, शिंगाच्या बुडापासून खुरापर्यंत एकच रंग. दुसरा का नाही, असं लोक विचारतात. सरदारच्या तोडीचा मिळाला नाही, दुसरं काय. आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीत किसन राहतो, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्याकडंही एकच बैल. नाव चिमण्या, पण दारात उभा राहिला की घरात अंधार पडतो. दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे आणि दोघांची वावरं करून घ्यायची, याला आमच्याकडं सावड म्हणतात. सरदार उजव्या अंगाला, चिमण्या डाव्या. नांगर आधी माझ्या वावरात, मग किसनच्या. हा नियम मी केला होता आणि का केला हे कुणी विचारलं नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीच्या साली गावात दोन तट पडले आणि आमची सावड मोडली. आमचं भांडण असं झालंच नाही. मी त्याच्याकडं गेलो नाही, तो माझ्याकडं आला नाही. दोन वर्षं दोन बैल दोन दारांत उभे राहून नुसते खात होते. मग एका पेरणीच्या तोंडाला सरदार दावं तोडून गेला आणि किसनच्या दारात चिमण्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागं गेलो. किसन म्हणाला, "आलात का, आबा?"

मी म्हणालो, "मी न्हाई, हा आलाय."

तेवढ्यावर सावड पुन्हा सुरू झाली.

बुधवार. परभणीच्या वाटेवर

जिंतूरच्या पुढं, येलदरी धरणाच्या अलीकडं पिराची वाडी नावाचं गाव आहे. तिथला पीर गुरांचा. आजारी जनावर त्याच्या दारावरून नेलं की बरं होतं, असं त्या भागात मानतात. त्या साली उरूस चैत्रात आला होता आणि उरुसात बैलांचं प्रदर्शन भरणार होतं. पहिल्या बैलाला फेटा आणि पितळेची घंटा. आमच्याकडून तिकडं कुणी जात नाही, लांब पडतं. मी मात्र ठरवलं की सरदारला न्यायचं. एका बैलावर गाडी चालत नाही, म्हणून किसनला म्हणालो, "चल." तो म्हणाला, "चिमण्याला धरण दाखवू," आणि आला.

पहाटेच निघालो. गाडीत कडबा, पाण्याची घागर आणि बायकोनं बांधून दिलेले धपाटे. धुळीचं काही लिहीत नाही, एसटी गेली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका फाट्यावर हॉटेल दिसलं तेव्हा चहाला थांबलो. मी आत जाऊन बाकड्यावर बसलो. किसन बाहेर गाडीच्या जुवावर बसला. मालकानं त्याला चहा बाहेरच नेऊन दिला, कान तुटलेल्या कपात. किसननं चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. मी आतून ते बघितलं. आणि भजी चांगली होती, असं त्याला सांगितलं.

पुढं वाटेत किसननं विचारलं, "आबा, सरदारला प्रदर्शनात उघडाच उभा करणार का?"

"उघडा कशाला? सुभद्राच्या घरी मखमलीची झूल हाय. जाताना घ्यायची."

सुभद्रा माझी एकुलती एक मुलगी. बोरीच्या पुढं एका गावात दिलीय.

"विहीणबाईंनी द्यायचं कबूल केलं?"

"देतील."

"म्हणजे विचारलं न्हाई."

"मला कुणाला विचारत बसायची सवय न्हाई, किसन."

"ते ठाऊक हाय," तो म्हणाला आणि चिमण्याच्या शेपटीकडं बघत राहिला.

गुरुवार. सुभद्राच्या घरी

दिवस मावळायच्या आत पोचलो. विहीणबाई घरात नव्हत्या, माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या. हे ऐकून मला बरं वाटलं हे खरं आहे. बाई मनानं वाईट नाही, पण त्यांच्या जिभेला रविवारचीही सुट्टी नसते. लेकीच्या लग्नात आम्ही वाढलेली येसराची आमटी पातळ झाली होती, ते त्या नऊ वर्षं झाली तरी पाहुण्यांना सांगतात.

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमच्याकडं त्याच्या आमटीत वरून तेल सोडतात, त्यांच्याकडं तेल मोजून घालतात. सुभद्रानं त्या दिवशी न मोजता घातलं. दोन भाकरी चुरून खाल्ल्या आणि मग झुलीचं काढलं.

जावई हात धुता धुता उठले. "मला वावरात जायचंय. तुमचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक न्हाई," असं म्हणून गेलेसुद्धा. अंधारात वावरात काय करणार होते ते पीर जाणे.

सुभद्रा ताटं गोळा करायला लागली. "आबा, ती सासूबाईंच्या सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेली हाय. पोळ्याला अर्धा दिवस बाहेर निघती. मला हात लावू देत न्हाईत."

"मी काय परका हाय?"

"तसं न्हाई ओ."

"मग कसं? सरदार उघड्या पाठीनं उभा राहिला तर लोक मला न्हाई, तुझ्या माहेराला हसतील."

हे मी बोललो. बोलल्यावर वाटलं, नको होतं. पण बोललेलं मागं घ्यायची मला तेव्हा सवय नव्हती.

तिनं पेटी उघडली. वर लिंबाचा वाळलेला पाला, खाली झूल. तांबडी मखमल, चारी बाजूंनी पिवळे गोंडे आणि मधे नखाएवढे आरसे. कंदिलाच्या उजेडात सगळ्या भिंतीवर ठिपके नाचले. तिनं ती माझ्या हातात दिली, पण एक टोक सोडलं नाही.

"सासूबाई रविवारी दुपारच्या गाडीनं यायच्यात. त्याच्या आधी पेटीत पाहिजे. आबा, न्हाईतर मला जन्मभर ऐकावं लागंल, तुमाला न्हाई."

"रविवारी सकाळी तुझ्या हातात देतो," मी म्हणालो.

शुक्रवार. पिराची वाडी

जिंतूर सोडलं की जमीन बदलते. आमच्याकडं काळी भुई सपाट पसरलेली, इकडं मुरूम, टेकड्या आणि टेकड्यांवर पळस पेटलेला. वारं धरणावरून येतं, त्याला ओला वास आहे. उन्हात असा वास येतो हेच आमच्या भागातल्या माणसाला नवल.

गाव लहान, पण उरूस मोठा. दोन मोठे पाळणे, बांगड्यांची दुकानं, रेवड्या, आणि येलदरीचे मासे कढईत तळायला घातलेले. आमच्या जत्रेत भज्यांच्या कढईपुढं रांग लागते, तिथं माशांच्या. माझ्या गळ्यात माळ आहे. किसननं दोन खाल्ले आणि "काटे लय हायत" म्हणून माझं समाधान केलं. मला पिराचा मलिदा मिळाला, चपाती गूळ घालून कुस्करलेली. तो मात्र आमच्या विठ्ठलाच्या काल्याहून चांगला होता. कुणाला राग येईल तर येवो.

आणि इथंच पहिला घोटाळा झाला. सुभद्रानं वाटेसाठी ताकाचं गाडगं दिलं होतं. चढावर गाडीनं धक्का खाल्ला तेव्हा ते कलंडलं होतं, आणि झुलीच्या एका कोपऱ्याला ताक लागलं होतं. मी हापशावर तेवढा कोपरा धुतला आणि वाळत कुठं घालावी ते बघू लागलो. दर्ग्याच्या दारासमोर चिंचेखाली एक लांब आडवा बांबू बांधलेला होता. त्याच्यावर आधीच चार-पाच झुली पडलेल्या, जुन्या, विटलेल्या. ऊन थेट तिथंच येत होतं. मी म्हणालो, लोकांनी वाळवायची सोय चांगली केलीय.

शेजारी एक बाई चहाचं दुकान मांडून बसली होती. मी झूल पसरायला लागलो तशी ती ओरडली, "आजोबा, तिथं नगा टाकू! तिथं..."

"बाई, ऊन कुठं लागतं ते मला कळतं."

"आवं, पण ते..."

"तुमचा चहा बघा. उतू चाललाय."

चहा खरंच उतू चालला होता. ती तिकडं वळली. मी झूल नीट पसरली, गोंडे खाली सोडले, किसनला "लक्ष ठेव" म्हणालो आणि गाडीच्या सावलीत आडवा झालो.

जागा झालो ते ताशांच्या आवाजानं. दर्ग्यात मिरवणूक शिरत होती, सगळीकडं ऊद आणि गुलाल. बांबूकडं बघितलं. बांबू रिकामा. किसनही नव्हता. तो बैलांना पाणी पाजून हापशावरून येत होता.

"झूल कुठाय?"

"तुमी काढली न्हाई?"

मला फेटा दिसला नाही, घंटा दिसली नाही. सुभद्राचा झुलीच्या टोकाला धरलेला हात दिसला.

मी शोध सुरू केला. पहिला संशय दाजीबावर. दाजीबा म्हणजे येलदरीकडचा एक शेतकरी, मोठ्या मिशांचा. आमची गाडी आली तेव्हाच झुलीला हात लावून म्हणाला होता, "पाव्हणं, असली मखमल आमच्या नवरीला न्हाई." त्याचा लाल बैल समोरच बांधलेला होता आणि बैलाच्या पाठीवर, एवढ्या उकाड्यात, पोतं टाकलेलं होतं. पोत्याखाली काहीतरी आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी सरळ गेलो आणि पोतं ओढलं.

खाली झूल नव्हती. बैलाच्या पाठीवर हातभर ओली काव लावलेली होती, घराच्या भिंतीला लावतात ती तांबडी माती. मी बोट लावलं. बोट तांबडं झालं आणि खाली पांढरा ठिपका निघाला.

दाजीबा धावत आला. "पाव्हणं! आवाज करू नगा. जन्मापासून तेवढाच एक डाग हाय त्याला."

"लाल कंधारी म्हणून दाखवणार व्हय?"

"मनानं हायच तो लाल कंधारी," दाजीबा म्हणाला आणि मला बळंच चहाला घेऊन चालला. मी गेलो नाही. पण चोर तो नव्हता एवढं कळलं. ज्याला एवढी लपवालपवी करायची, तो आरशांची झूल कशाला घालील?

मग स्पीकरवाल्याकडं गेलो. मंडपात एक पोरगेला इसम माईक धरून हरवलेल्यांची नावं पुकारत होता. मी म्हणालो, "सांग, झूल चोरणाऱ्याचे हात झडतील, त्याचा वंश..."

"आजोबा, माईकवर शिव्या चालत न्हाईत."

"मग काय चालतं?"

त्यानं पुकारलं, "ताडकळसकडील एका वृद्ध गृहस्थांची मखमली झूल चोरीस गेली आहे हो."

"वृद्ध कुणाला म्हणतो?" मी विचारलं. तेही माईकवरून सगळ्या उरुसात गेलं.

गाडीजवळ आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किसन चिमण्याला कडबा टाकत होता, अगदी शांतपणे. त्या शांतपणाचा मला राग आला. माझं सगळं चाललंय आणि हा कडबा टाकतोय.

"तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"बैल तहानले होते, आबा. तुमचाबी."

"तहानले होते का दुसरं काही? चिमण्याला कधी झूल मिळाली न्हाई, ते सलत असंल तुला. कुठं दडवलीस?"

आसपास दहा-बारा गाड्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. किसननं हातातली पेंडी खाली ठेवली.

"गडबडीच्या साली आमच्या वस्तीबद्दल लोक काय काय बोलले. तुमी गप बसलात. मला तेच लागलं होतं," तो म्हणाला. "पण आबा, ह्यापरीस गप बसलेलं बरं होतं."

त्यानं चिमण्याचं दावं सोडलं आणि उरुसाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेला. मागं एकदाही बघितलं नाही. मी गाडी आणि एका बैलासकट तिथंच राहिलो. झूल नाही, जोडी नाही. रविवारी चालत जाऊन सुभद्राला काय सांगणार होतो?

शनिवार. पिराची वाडी

रात्री जेवलो नाही. उजाडल्यावरही सरदारनं कडब्याला तोंड लावलं नाही. डाव्या अंगाची जागा रिकामी सोडून उभा राहिला आणि एकसारखा हंबरत राहिला. लोक म्हणाले, बैल आजारी आहे, पिराच्या दारावरून न्या.

मग लांबून गोंधळ ऐकू आला. बांगड्यांच्या दुकानांमधून लोक बाजूला पळत होते आणि मधून चिमण्या येत होता, गळ्यात तुटलेलं दावं, खाली एक खुंटा फरफटतोय. त्यानं रेवड्यांची एक परात पाडली, आमच्या गाडीला वळसा घातला आणि सरदारच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. दोघांनी एकदमच खायला सुरुवात केली.

मागून धापा टाकत किसन आला. रेवडीवाला त्याच्यामागं ओरडतच होता.

"आलास का?" मी म्हणालो.

"मी न्हाई," किसन म्हणाला, "हा आलाय."

मला हसू आलं, पण मी दाबलं. तोही हसला नाही. त्यानं तुटलेलं दावं उचललं, गाठ मारायला बसला आणि गाठीकडंच बघत म्हणाला, "रातभर एकच इचार करत होतो. बांबूवर आणखी चार-पाच झुली होत्या. त्याबी गेल्या. मग त्यांचे मालक का बोंबलत न्हाईत? सगळ्या उरुसात तुमी एकलेच बोंबलायलात."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आणि चहावाली काय सांगत होती तुमाला?"

"मी ऐकलं न्हाई."

"ते मला ठाऊक हाय. चला, आता ऐकू."

चहावालीनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आजोबा, कालच सांगत होते की मी. तो वाळवायचा बांबू न्हवं. नवसाचा बांबू हाय तो. ज्याचा बैल दुखण्यातून उठला, तो त्याची झूल तिथं टाकतो. संदलची मिरवणूक निघायच्या टायमाला मुजावर त्या गोळा करून पिराला चढवितात."

"मग कालच सांगायचं होतं!"

"दोनदा सांगाया गेले. तुमी माझा चहा बघाया लावलं."

किसननं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

दर्ग्याच्या दाराशी चपला काढल्या. किसन म्हणाला, "मी काय नवस करीत न्हाई, पण झूल बघायला येतो." आत मुजावर बसले होते, दर्ग्याची सेवा करणारे करीमचाचा, माझ्याच वयाचे, डोळ्यांत सुरमा घातलेले. समोर मजारीच्या पायथ्याला चार-पाच जुन्या झुली घडी घालून ठेवलेल्या. आणि मजारीवर, हिरव्या चादरीच्याही वर, विहीणबाईंची झूल. मधोमध गुलाबाची फुलं. आरशांचे ठिपके घुमटात नाचत होते.

"देखो, क्या झूल हाय!" करीमचाचा म्हणाले. "माझ्या बापाच्या टायमापासून असली कधी आली न्हाई. कुणा मोठ्या दिलाच्या माणसानं चढवलीय."

मोठ्या दिलाच्या माणसाला घाम फुटला. मी खरं ते सांगितलं. ताक, कोपरा, ऊन, सगळं. करीमचाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"चढवलेली चीज परत द्यायचा रिवाज न्हाई, भाई."

"माझ्या लेकीचा संसार हाय त्याच्यात."

त्यांनी झुलीवरचं एक फूल सरळ केलं. मग विचारलं, "टाकताना जनावराचं नाव घेतलं व्हतं?"

"न्हाई. 'ऊन चांगलं हाय' म्हणालो होतो."

"तर मग नवसच न्हाई झाला. नाव घेतल्याबिगर पीरसाहेब काय घेत न्हाईत." मला वाटलं सुटलो. पण चाचा पुढं म्हणाले, "पण भाई, काल तुमी माईकवर आमच्या उरुसात चोरी झाली म्हणून पुकारलं. आमच्या उरुसात कधी चोरी न्हाई झाली. ते पहिले साफ करा. मग घेऊन जावा."

मी किसनकडं बघितलं. तो घुमटाकडं बघत होता.

मंडपात तोच इसम होता. त्यानं विचारलं, "काय पुकारू?" मी म्हणालो, "तू नको. दे इकडं." माईक मी जन्मात पहिल्यांदा हातात धरला. माझाच आवाज टेकडीवर आपटून परत आला, तेव्हा दचकलो. मग बोललो ते असं:

"मी ताडकळसकडला. काल झूल चोरीला गेली म्हणालो, ती गेली न्हाई. मीच नवसाच्या बांबूवर वाळत घातली. बाई सांगत होती, मी ऐकलं न्हाई. आणि माझ्यासंगं किसन हाय. काल मी त्याच्यावर आळ घेतला, चार माणसांत. तो खोटा होता. त्यानं काही केलं न्हाई, बैलांना पाणी पाजलं. माझ्याबी बैलाला."

एवढं बोलून माईक परत दिला. पाळणे थांबल्यासारखे वाटले. मग कुठंतरी एक बाई हसली आणि सगळा उरूस हसायला लागला. मी मान खाली घातली नाही. बाहेर आलो तेव्हा किसन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आवाज चांगला लागतो तुमचा, आबा. भजनात बसत जा."

झूल घेतली आणि दोघे पळतच प्रदर्शनाला गेलो. रांग लागली होती. सरदारवर झूल टाकली, गोंडे सारखे केले, आणि खरं सांगतो, तिथं उभ्या असलेल्या सगळ्या मालकांची तोंडं उतरली. चिमण्याला सोडून सरदार उभा राहीना, म्हणून किसननं त्यालाही डाव्या अंगाला उभा केला, उघड्या पाठीनं.

गुरांचा डॉक्टर आला. तरुण होता, चष्म्याचा. रांगेच्या टोकाला उभा राहून म्हणाला, "सगळ्यांनी झुली, पोती, काय असेल ते काढा. मला बैल बघायचाय, कापड नाही."

मी किसनकडं बघितलं. ह्या झुलीसाठी मी लेकीला पेचात टाकलं, किसनवर आळ घेतला, माईकवर नाक कापून घेतलं. आणि ती खांद्यावर टाकून मी एखाद्या बोहारणीसारखा उभा होतो.

दाजीबाला पोतं काढावंच लागलं. डॉक्टरनं त्याच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि हात तांबडा झाला. "घामोळं हाय, साहेब," दाजीबा म्हणाला. सरदारचा पुढचा एक खूर वाकडा आहे, असं डॉक्टर म्हणाला. तो वाकडा नाही. डॉक्टर नवा होता. मग त्यानं डावीकडं बोट केलं. "हा कुणाचा?"

चिमण्याला दुसरा नंबर मिळाला. फेटा नाही, पण छोटी घंटा मिळाली. किसननं ती मला वाजवून दाखवली नाही, खिशात ठेवली. मला ते आवडलं.

दुपारीच निघालो.

रविवार. परत सुभद्राच्या घरी

वाटेत मुक्काम करून ऊन चढायच्या आत पोचलो. सुभद्रा वाटेकडंच डोळे लावून बसली होती. मी झूल दिली. तिनं कोपरे बघितले, गोंडे मोजले, आरशांवरून बोट फिरवलं आणि तिथंच जमिनीवर बसली. "आलात, आबा," एवढंच म्हणाली. पेटीत झूल, वर पाला, वर झाकण. जावई वावरातून परत आले ते तेव्हाच.

दुपारच्या गाडीनं विहीणबाई उतरल्या. चहा झाला, लग्नातल्या पातळ आमटीचं झालं, माझ्या तब्येतीचं झालं. मग त्या पेटीच्या खोलीत लुगडं ठेवायला गेल्या आणि दारात थांबल्या.

"पेटीतून उदाचा वास कसा काय यायलाय?"

सुभद्रानं हातातली बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "मी पिराच्या उरुसाला गेलो होतो, विहीणबाई. कपड्यांना लागलाय वास. तुमच्या घराच्या नावानंबी ऊद लावला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मग त्यांचा चेहरा चक्क मऊ झाला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमी कुणासाठी काही केलं," त्या म्हणाल्या. ऊद खरंच लागला होता, त्यांच्याच झुलीला. म्हणजे खोटं मी फारसं बोललो नाही. निघताना सुभद्रानं धपाट्यांत लोणी भरून दिलं, न मोजता.

परतीच्या वाटेवर तेच हॉटेल लागलं. किसन जुवावर बसला. मी आत गेलो, मालकाला दोन चहा सांगितले, दोन्ही एकसारख्या कपांत, आणि ते घेऊन बाहेर त्याच्याशेजारी जुवावर जाऊन बसलो. मालक दारात येऊन बघत राहिला. मी म्हणालो, "भजीबी बाहेरच आणा."

सोमवारी संध्याकाळी गावात शिरलो. झूल नव्हती, फेटा नव्हता, मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठलो, सरदारला सोडलं, नांगर घेतला आणि किसनच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो डोळे चोळत बाहेर आला. "आबा, इतक्या पहाटे? तुमचं वावर तर त्या बाजूला."

"ठाऊक हाय," मी म्हणालो. "आधी तुझं."

चिमण्याच्या गळ्यात नवी घंटा होती. तो स्वतःहून डाव्या अंगाला आला. आम्ही किसनच्या दीड एकरात नांगराचं पहिलं तास घातलं तेव्हा दिवस नुकता वर येत होता.